खटल्याचा बडगा

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण कोर्टात खेचल्या जाणाऱ्यांची आहे; खेचणाऱ्यांना ती लागू पडत नाही. बहुराष्ट्रीय कंपनीच्या हिशेबात वकिलाची फी हा उत्पादनखर्चाचाच भाग असतो. छोट्या दुकानदाराच्या वा शेतकऱ्याच्या दारी समन्स येते तेव्हा मात्र दावा खरा की खोटा हे मागे पडते. तारखेला उभे राहायचे कशाच्या बळावर, हीच चिंता उरते.

एप्रिल २०१९ मध्ये गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यातील चार बटाटा-उत्पादकांवर पेप्सिको कंपनीने अहमदाबादच्या न्यायालयात दावे गुदरले. वेफर्ससाठीचे 'एफसी-५' हे कंपनीच्या नावे नोंदलेले वाण त्यांनी विनापरवाना लावले, हा आरोप. आणि नुकसानभरपाईची मागणी प्रत्येकी सुमारे १ कोटी रुपयांची! हा आकडा बटाट्याच्या कोणत्या भावाने काढला, ते कंपनीच जाणे. वस्तुतः वाणसंरक्षण व शेतकरी हक्कांविषयीच्या २००१ च्या कायद्याचे कलम ३९ सांगते की, संरक्षित वाणाचेही बियाणे शेतकरी राखू शकतो, पेरू शकतो, दुसऱ्याला देऊ वा विकू शकतो. फक्त ते ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. कंपनीच्या वकिलांना हे ठाऊक नसेल काय? मग दावे कशासाठी? उत्तर कंपनीनेच न्यायालयात दिले. आमच्याकडून बियाणे घेऊन माल आम्हालाच विका, नाहीतर हे वाण लावणार नाही अशी हमी द्या, म्हणजे दावा मिटवू, असा तिचा प्रस्ताव होता. म्हणजे कोटीची भरपाई हे निमित्त; हवा होता करारात जखडलेला शेतकरी.

किसान सभेसह अनेक शेतकरी संघटनांनी आवाज उठवला आणि मे २०१९ मध्ये दावे मागे घेण्यात आले. डिसेंबर २०२१ मध्ये वाणाची नोंदणीही रद्द झाली. जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो निर्णय फिरवला. कंपनीला वाट पाहता येते, शेतकऱ्याचा हंगाम थांबत नाही.

पुण्याच्या 'बर्गर किंग' या उपाहारगृहाची गोष्ट थोडी निराळी. तेथे अमेरिकन कंपनीजवळ भारतातील जुनी नोंदणी होती, त्यामुळे तिचा दावा निव्वळ पोकळ म्हणता येणार नाही. पण तो दाखल झाला २०११ मध्ये आणि जिल्हा न्यायालयाने फेटाळला जुलै २०२४ मध्ये. हे दुकान १९९२ पासूनचे, तर कंपनीचे भारतातील पहिले दालन २०१४ चे, ही बाब निकालात महत्त्वाची ठरली. नंतर उच्च न्यायालयाने अपिलात नाव वापरण्यास मनाई केली, मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. निकाल कसाही लागो, तेरा वर्षांच्या तारखा एका दुकानाने सोसल्या.

खोट्या वा त्रासदायक दाव्याबद्दल भरपाई देण्याची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५-अ मध्ये आहे. तिची कमाल मर्यादा १९७६ मध्ये १,००० वरून ३,००० रुपये झाली आणि तेथेच थांबली! २०१५ च्या कायद्याने ती काढली, तीही व्यापारी दाव्यांपुरतीच. किसान संघटनांनी व छोट्या व्यापाऱ्यांनी मिळून मागणी करावयास हवी ती ही की, अशी मर्यादा सर्वच दाव्यांतून जावी आणि दावा अर्ध्यावर सोडणाऱ्या कंपनीकडून प्रतिवादीचा वकिलाचा खर्च, प्रवासखर्च व बुडालेल्या दिवसांची कमाई सक्तीने वसूल व्हावी.