न दिलेला होकार

मनुष्याच्या तोंडून निघणाऱ्या शब्दांत 'होय' हा शब्द अगदीं लहान. परंतु त्याचें वजन फार मोठें आहे. लग्नाच्या वेळीं, न्यायालयांत साक्ष देतांना किंवा कर्जरोख्यावर सही करितांना मनुष्य 'होय' म्हणतो आणि त्या एका शब्दानें बांधला जातो. डोंगरावरील प्रवचनांत प्रभूनें या शब्दाच्या सचोटीविषयीं निक्षून सांगितलें आहे, तें उगीच नव्हे. हल्लीं मात्र असा एक व्यापार बोकाळला आहे कीं, गिऱ्हाइकानें 'होय' न म्हणतांहि तो म्हणाला असें धरून त्याजकडून पैसे घेतले जातात. मोबाइल फोनवर गळ्यांत घातले जाणारे जादा डेटाचे पॅक हे त्याचें ठळक उदाहरण होय.

हा विषय आमच्या मनांत कसा आला, तें सांगतों. आमच्या शाळेची घंटा पुष्कळ वर्षें ज्यांनीं वाजविली, ते आमचे जुने शिपाईबाबा आतां सेवानिवृत्त आहेत. त्यांजपाशीं साधा बटनांचा फोन आहे. मुलाशीं दोन शब्द बोलावे, एवढाच त्याचा उपयोग. गेल्या पावसाळ्यांत ते आम्हांस म्हणाले, "सर, माझ्या फोनला इतके पैसे कां लागतात, तें जरा पाहतां का?" आम्हीं संदेश उघडून पाहिले. दर रिचार्जाबरोबर २९ रुपयांचा जादा डेटाचा पॅक त्यांच्या नांवें टाकलेला होता. ज्या फोनांत इंटरनेट चालतच नाहीं, त्याकरितां इंटरनेटचा हा जादा सांठा! संदेश सारे इंग्रजींत. बाबांस मराठीहि चष्म्यावांचून वाचवत नाहीं.

आम्ही त्यांजबरोबर दुकानांत गेलों. गल्ल्यावर बसलेला मुलगा आम्हांस पाहून उभा राहिला. तो तीन वर्षांपूर्वीं आमच्याच शाळेंतून बाहेर पडलेला होता! आम्हीं विचारलें, "बाबांनीं हा पॅक मागितला होता काय?" तो खालीं मान घालून म्हणाला, "नाहीं, सर. पण रोज इतके पॅक खपलेच पाहिजेत, असें वरून सांगतात. बाबा कांहीं विचारीत नाहींत, म्हणून टाकला." बाबा विचारीत नव्हते, कारण या मुलास त्यांनीं लहानाचा मोठा होतांना पाहिलें होतें, आणि त्याच विश्वासाचा येथें होकार करण्यांत आला.

रक्कम लहान आहे, असें कोणी म्हणेल. परंतु पॅक २८ दिवसांचा असतो. वर्षाचे महिने बारा. २८ दिवसांचे हप्ते मात्र तेरा पडतात. म्हणजे २९ गुणिले १३, एकूण ३७७ रुपये. म्हाताऱ्या मनुष्याच्या औषधाचे ते पैसे आहेत. अशीं माणसें गांवोगांव किती असतील, याचा विचार वाचकांनींच करावा.

फसवणुकीची ही रीत आमच्या प्रांतास नवी नाहीं. न वाचलेल्या कागदावर अंगठा उठविणारा शेतकरी आणि त्या अंगठ्यास संमति म्हणणारा सावकार यांची गोष्ट येथें सर्वांस ठाऊक आहे. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं दंगे सुरू झाले, तेव्हां लोकांनीं मुख्यतः सावकारांचे रोखे व दप्तरें हीं जाळलीं. पुढें १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कायदा झाला. त्यांत कर्जाचे दस्तऐवज ग्रामरजिस्ट्रारासमक्ष करण्याची तजवीज होती. न समजतां दिलेली संमति ही संमति नव्हे, हें तत्त्व तेव्हांहि मान्य झालें होतें. आज अंगठा कागदावरून उठून बटनावर आला आहे, इतकाच काय तो फरक.

सरकारनें कांहींच केलें नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. कॉलर ट्यून, क्रिकेटच्या बातम्या वगैरे सेवा भलतें बटन दाबल्यानें सुरू होत आणि पैसे कापले जात. त्यावर दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, म्हणजे 'ट्राय'नें, २०१३ च्या जुलैंत असें ठरविलें कीं, अशा सेवेस गिऱ्हाइकाची संमति दोनदां घ्यावी. २०२२ च्या जानेवारींत प्रत्येक कंपनीनें निदान एक पॅक पुऱ्या तीस दिवसांचा ठेवावा, असा नियम झाला. त्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें फोन कंपन्यांविरुद्ध ग्राहक आयोगाकडे दाद मागतां येते, असा निर्णय दिला. २०२४ च्या डिसेंबरांत तर ट्रायनें केवळ बोलणें व संदेश यांचा, डेटा नसलेला पॅक ठेवण्याचें बंधन घातलें. आमच्या बाबांस हाच पॅक हवा होता. पण असा पॅक असतो, हें त्यांस दुकानांत कोणींहि सांगितलें नाहीं. नियम दप्तरांत राहिला आणि गल्ल्यावर जादा पॅकच विकला गेला.

आम्ही फोनाचे वैरी नव्हों. २०२० सालच्या महामारींत शाळेचे दरवाजे बंद असतां याच फोनावरून आमचे वर्ग चालले, आणि स्वस्त डेटा नसता तर कित्येक मुलांचें वर्ष बुडालें असतें. तो उपकार आम्ही विसरलों नाहीं. परंतु उपयोगी वस्तु विकणारासहि खोटें माप वापरण्याची मुभा मिळत नाहीं. नीतिसूत्रांत खोट्या तागडीची जी निर्भर्त्सना केली आहे, ती धान्याच्या व्यापाऱ्यापुरतीच आहे, असें कोणीं समजूं नये. तसेंच सारा दोष त्या पोरावर ढकलूनहि भागणार नाहीं. रोजचा आंकडा ठरविणारे लोक दूर कचेरींत बसलेले असतात. म्हाताऱ्याच्या डोळ्यांस डोळा भिडविण्याची लाज मात्र त्या पोराच्या वांट्यास येते.

तरी आमचाहि कांहीं दोष आहेच. त्या मुलास आम्हीं त्रैराशिक शिकविलें, व्याज काढावयास शिकविलें. परंतु मालकानें सांगितलेल्या अप्रामाणिक कामास 'नाहीं' कसें म्हणावें, हें शिकविण्यांत आम्ही उणे पडलों, अशी रुखरुख आम्हांस लागून राहिली आहे.

म्हणून विद्यार्थ्यांस आमची विनंति आहे. एका रविवारीं उपासनेनंतर आपल्या आजीआजोबांपाशीं अर्धा तास बसा. त्यांच्या फोनावरील संदेश मराठींत वाचून दाखवा. कोणता पॅक त्यांस हवा व कोणता नको, हें त्यांनाच विचारा. न मागितलेली सेवा आढळल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडे तक्रार नोंदवा व तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. तेथें दाद न लागल्यास कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जा. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनहि आहे. आणि पुढेंमागें तुमच्यापैकीं कोणी अशाच गल्ल्यावर बसला, तर समोरच्या मनुष्यानें तोंडानें 'होय' म्हटल्याविना त्याच्या नांवावर कांहीं टाकूं नका.

बाबांचे गेलेले पैसे परत मिळाले नाहींत. पुढील रिचार्ज मात्र त्याच मुलानें केवळ बोलण्याचा करून दिला, आणि करण्यापूर्वीं "बाबा, हा चालेल ना?" असें विचारलें. बाबा म्हणाले, "होय." एवढाच प्रश्न पहिल्या दिवशीं विचारला असता, तर हा लेख लिहिण्याचें कारणच पडलें नसतें.