नेम आणि उमाळा

आषाढी एकादशी आली की मराठी घरांतील वर्षानुवर्षांचा क्रम आपोआप सुरू होतो. पहाटेचे स्नान, देवपूजा, तुळशीला पाणी, उपवासाचा फराळ, सायंकाळी हरिपाठ. या क्रमाविषयी हल्ली दोन टोकांची मते ऐकू येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, नेम चुकता कामा नये. तरुण विचारतात, मनात भाव नसताना ओठांनी पुटपुटलेल्या शब्दांना अर्थ काय? दोन्ही म्हणण्यांत सत्याचा अंश आहे, म्हणूनच हा वाद घरोघरी न मिटता धुमसत राहतो.

हा प्रश्न केवळ आपलाच नाही. इंग्लंडात गेल्या शतकाच्या मध्यास जेराल्ड गार्डनर यांनी पुढे आणलेल्या ‘विक्का’ या निसर्गपूजक पंथातही, लिहून ठेवलेला विधी जसाच्या तसा करावा की त्या क्षणी सुचेल तसे देवतेला आळवावे, याविषयी मतभेद आहेत. शंभरीही न गाठलेला तो पंथ आणि आपली शतकानुशतकांची वारी यांच्यापुढे एकच पेच उभा राहावा, यावरून तो मानवी मनाचाच पेच आहे हे उघड होते.

परभणी जिल्ह्याला त्याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. गोदाकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव. लहानपणीच त्या पंढरपुरास दामाशेटींच्या घरी आल्या आणि नामदेवांच्या घरची दासी म्हणून आयुष्यभर राबल्या. षोडशोपचारे पूजा मांडण्यास त्यांच्यापाशी ना सवड होती, ना साहित्य. तरीही त्यांच्या नावावर तीनशेहून अधिक अभंग आहेत. त्यांत त्या विठ्ठलाला लाडाने हाक मारतात, प्रसंगी खडसावतातही. उत्स्फूर्त भक्तीचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

पण हा उमाळा उगवला कोठे? जात्यापाशी! दळण हे रोजचे, न चुकणारे काम. खुंटा त्याच वर्तुळात फिरतो, घरघर तीच, ओवीची चालही ठरलेली. त्या ठरलेल्या फेऱ्यातच स्वतःचा शब्द फुटतो. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्या गाणाऱ्या बायांनी पोथीत पाहून म्हटलेल्या नव्हत्या. हाताला नेम होता, म्हणून मन मोकळे होते.

दुसरे उदाहरण नामदेवांचे. नरसी आणि औंढा ही गावे १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होती. औंढ्याच्या देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पहुडले होते, आणि ते पाय जिकडे वळवावेत तिकडे पिंडी दिसू लागली, ही कथा सर्वश्रुत आहे. देव सर्वत्र आहे हे नामदेवांना तेथे उमगले. मग त्यांनी पंढरी सोडली काय? कीर्तन टाकले काय? मुळीच नाही. पंढरीच्या महाद्वारातील पायरी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ज्ञान झाल्यावर नेम निरर्थक ठरला नाही. त्याची भीती तेवढी गेली.

भीती गेली, हेच महत्त्वाचे. आज अनेक घरांत ध्वनिमुद्रित आरती लागते, टाळ्या वाजतात आणि चित्त भलतीकडेच असते. कोठे एखादी सून उपचारांतील एक गोष्ट राहिली म्हणून दिवसभर धास्तावलेली असते. नेमाने मन जड होऊ लागले, तर तो नेम नव्हे, ओझे होय. येथे तरुणांचा आक्षेप मान्य केलाच पाहिजे.

परंतु केवळ उमाळ्यावर विसंबणाऱ्यांनीही एक विचार करावा. उमाळा बोलावून येत नाही, आणि ज्या दिवशी त्याची खरी गरज असते त्या दिवशी तर नाहीच येत. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याची शेते करपली. घरात मृत्यू झाला की बोलणाऱ्याचीही वाचा बसते. अशा वेळी स्वतःचे शब्द सुचत नाहीत. आजीने रोज म्हणवून घेतलेला अभंगच ओठांवर येतो. मुलांना तो आज पाठ नसेल, तर त्यांच्या संकटकाळी आपण त्यांच्या हाती काय ठेवणार आहोत?

आजपासून चातुर्मास सुरू होतो. नेम अवश्य घ्यावा, पण लहान घ्यावा, सर्वांना पेलेल असा. सायंकाळी हरिपाठाचा एकच अभंग, पण घरातील सर्वांनी मिळून आणि स्वतःच्या मुखाने. त्यानंतर क्षणभर थांबावे आणि प्रत्येकाने, अगदी लहानग्यानेही, त्या दिवशीचे आपले सुखदुःख देवाला आपल्या शब्दांत सांगावे. कोणास काही सुचले नाही, तर नुसते हात जोडावेत. जाते रोज फिरत राहिले, तर ओवी आज ना उद्या सुचेलच.