काटा अडला तर तुमचं काय अडलं?

दुसऱ्याच्या वजनाची चौकशी करायला आपल्याकडे ओळख लागत नाही. पगार विचारायचा असेल तर माणूस आधी महागाईवर बोलतो, मग जागांच्या भावावर येतो आणि तिथून गल्लीबोळ काढत पगारापर्यंत पोचतो. वय विचारायचं असेल तर दहावीचं साल विचारतो. वजनाला असली काही प्रस्तावना लागत नाही. बसस्टॉपवर, लग्नाच्या पंगतीत, फार काय, स्मशानातसुद्धा (तिथे मला विचारलेलं आहे) लोक खणखणीत आवाजात विचारतात, "हल्ली किती भरतोस रे?" जसा काही मी लासलगावच्या बाजारात उतरलेला कांदाच!

मी १३१ किलो होतो तोवर हा प्रश्न मी समजू शकत होतो. मोठी वस्तू दिसली की तिचं माप काढावंसं वाटणं ही मनुष्यप्राण्याची जुनी खोड आहे. नाहीतर एव्हरेस्टची उंची मोजत कोण कशाला बसलं असतं? पण मधुमेह, रक्तदाब आणि झोपेत श्वास अडकणं अशी तीन खाती एकदम थकल्यावर मी पोटाची शस्त्रक्रिया करून घेतली आणि माझं वजन ही सार्वजनिक मालमत्ता झाली. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी असं त्या शस्त्रक्रियेचं नाव. तीत जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि उरलेल्याची केळ्याएवढी नळी ठेवतात. काढलेल्या भागाबरोबर भूक चाळवणाऱ्या घ्रेलिन नावाच्या संप्रेरकाचा मुख्य कारखानाही जातो. काही मंडळी याला 'शॉर्टकट' म्हणतात. त्यांच्यासाठी सांगतो, विमा नियामकाच्या २०१९च्या नियमांप्रमाणे ही शस्त्रक्रिया विम्यात बसायला बीएमआय ४० तरी लागतो, नाहीतर ३५ आणि जोडीला गंभीर आजार. विमा कंपनी कुणाच्या हौसेमौजेला पैसे देते, असं आमच्या तरी ऐकिवात नाही.

पहिले आठ महिने मी म्हणजे क्रिकेटची कॉमेंटरी होतो. रोजचा स्कोअर शाखेत आधी जाहीर व्हायचा आणि मग काउंटर उघडायचे. एकशेवीस! एकशेबारा! शंभराच्या आत आलो त्या दिवशी तर शाखेत पेढे वाटले गेले. मी सोडून सगळ्यांनी खाल्ले.

मग काटा ९४ वर थांबला. एक आठवडा थांबला, दोन आठवडे थांबला. आज सात आठवडे झाले, तो हलायला तयार नाही.

त्याबरोबर लोकांची नजर बदलली. संध्याकाळी कॅश शॉर्ट आली की कॅशिअरकडे जसं बघतात (चोर म्हणायचं नाही, पण खिशाकडे बघायचं), तसे लोक माझ्या पोटाकडे बघू लागले. दुसऱ्या मजल्यावरचे काका जिन्यात गाठून म्हणाले, "काय रे, परत सुरू झालं वाटतं?"

"काय सुरू झालं, काका?"

"तेच रे... स्टेशनवरचा वडा." आणि डोळा मिचकावून ते असे हसले, की जणू आम्ही दोघे मिळूनच तो वडा खाल्ला होता.

अहो, वडा कुठे ठेवू? अर्धी पोळी आणि वाटीभर उसळ संपवायला मला अर्धा तास लागतो. जेवताना पाणी प्यायचं नाही, नंतरही अर्धा तास प्यायचं नाही, प्रत्येक घासाचं चावून गंध करायचं. आमची जेवणाची सुट्टी संपते तेव्हा माझा तिसरा-चौथा घास चाललेला असतो. आता हेही खरं, की शेव, चिवडा, आइस्क्रीम असले पदार्थ त्या नळीतूनसुद्धा सुळकन खाली उतरतात आणि काही जणांचं वजन त्यामुळेच अडतं. म्हणूनच डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ बाई दर वेळी तो प्रश्न विचारतात. त्यांनी विचारलंच पाहिजे. पण त्या उत्तर वहीत लिहून घेतात आणि पुढचा हिशोब मांडतात. जिन्यातल्या काकांकडे वही नसते. त्यांचा निकाल आधीच लागलेला असतो, त्यांना फक्त कबुलीजबाब हवा असतो.

माझं भांडण काट्याशी नाही. ते बिचारं यंत्र आहे. माझं भांडण आहे काट्याला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवणाऱ्यांशी. काटा खाली गेला की माणूस तपस्वी, काटा थांबला की माणूस चोर! हे कुठल्या शास्त्रात बसतं? कॉमर्सच्या तर नाहीच नाही. मी बी. कॉम. आहे, सेकंड क्लासात का असेना, आणि जमाखर्चाबद्दल मला चार शब्द बोलायचा हक्क आहे.

१३१ किलोची शाखा चालवायला जो खर्च येतो तो ९४ किलोच्या शाखेला येत नाही. जागा लहान झाली, माणसं कमी झाली, की लाइटबिल कमी येणारच. माझी जमा आहे तेवढीच आहे, खर्च मात्र महिन्याला उतरत गेला आणि एके दिवशी जमेच्या पातळीला येऊन टेकला. जमा बरोबर खर्च. आमच्या धंद्यात यात कुणाला गुन्हा दिसत नाही. वर शरीर हा मोठा कंजूष मॅनेजर असतो. धंदा घटतोय असं दिसलं की तो बिलाच्याही पुढे जाऊन पंखे बंद करतो, एक आड एक ट्यूब काढून टाकतो. अमेरिकेत 'द बिगेस्ट लूजर' नावाची टीव्हीवर वजन घटवायची स्पर्धा असे. तिच्यातल्या १४ जणांना संशोधकांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं आणि २०१६ साली निष्कर्ष छापले. त्या माणसांच्या देहाचा रोजचा खर्च, त्यांच्या वजनाच्या हिशोबाने जेवढा असायला हवा, त्याहून सुमारे ५०० कॅलरींनी कमी होता. त्यांनी पोट कापलेलं नव्हतं. घाम गाळून वजन उतरवलं होतं. सहा वर्षांनंतरही मॅनेजरने पंखे सुरू केले नव्हते.

हा शोध तसा जुनाच. अ‍ॅन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटात ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून बघितलं होतं. त्यांचं वजन घटलं, पण बरोबरीने देहाने आपला खर्चही छाटला. त्यांना थंडी वाजू लागली, नाडी मंदावली, आणि काही जण म्हणे पाकशास्त्राची पुस्तकं जमवत बसले. (हे शेवटचं मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.) याच कीजने पुढे १९७२ साली वजन आणि उंचीच्या एका सूत्राला बीएमआय हे नाव दिलं. सूत्र मूळचं केटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाचं, १८३०च्या दशकातलं. त्याला लोकसंख्येतला सरासरी माणूस शोधायचा होता. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना माझ्यावर खटला भरता यावा, असा त्याचा मुळीच हेतू नव्हता.

आता योगायोग बघा. तिकडे कीज १९७२ साली बीएमआयचं बारसं करत होता, तेव्हा इकडे महाराष्ट्रात दुष्काळ होता. सोलापूर जिल्ह्यातली आमची आजी त्या वर्षी दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि सुकडी खात होती. पुढे दिवस बदलले, मुलं नोकऱ्यांना लागली, घरात पोत्याने धान्य येऊ लागलं. पण आजीने शेवटपर्यंत ज्वारीच्या डब्याची किल्ली कमरेला ठेवली. सून पीठ मळायला बसली की आजी जवळ यायची, परातीकडे बघायची आणि मूठभर पीठ उचलून परत डब्यात टाकायची. "असू दे. उद्याचं कुणी बघितलंय?" माझं शरीर ही ती आजी आहे. आठ महिन्यांत सदतीस किलो गेल्यावर तिला वाटतं, बाहेर नक्की दुष्काळ पडलाय. ती किल्ली कमरेला लावून डब्यावर बसली आहे. तिला चोर कसं म्हणायचं?

शिवाय काट्याला बोलताच येत नाही. दिवसअखेर कॅश जुळवताना आम्ही नुसता आकडा लिहिला तर मॅनेजर स्लिप तोंडावर फेकेल. पाचशेच्या किती, शंभराच्या किती, दहाच्या किती, नाणी किती, असं डिनॉमिनेशन लागतं. काटा नुसती एकूण रक्कम सांगतो. त्या ९४ मध्ये चरबी किती, स्नायू किती, पाणी किती आणि काल रात्रीच्या खारट पिठल्याने अडवून ठेवलेलं पाणी किती, ते सांगत नाही. या सात आठवड्यांत माझी कंबर दीड इंच उतरली. चांभाराने पट्ट्याला आणखी एक भोक पाडलं. त्याने मात्र काही विचारलं नाही, वीस रुपये घेतले. साखरेच्या गोळ्या दोनावरून अर्ध्यावर आल्या. रात्री नाकाला लावायचं ते यंत्र डॉक्टरांनी बंद केलं, आता ते माळ्यावर आहे आणि आमच्या सौ. म्हणतात की वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना पहाटेची दूधगाडी ऐकू आली. यातली एकही नोंद काट्यावर उमटत नाही, आणि जिन्यातही कुणी विचारत नाही.

विचारतात ते उपाय सांगायला. जिऱ्याचं पाणी. मेथीचं पाणी. दालचिनीचं पाणी. (पाणी सोडून कुणी बोलतच नाही.) एक वेळ उपाशी राहा. "आता इंजेक्शनं आलीत, उगाच पोट कापलंस!" अहो, त्या इंजेक्शनांवरही साधारण वर्षभराने काटा असाच टेकतो. उपाशी राहावं, तर आहारतज्ज्ञ बाई ओरडतात, कारण दिवसाला साठ ते ऐंशी ग्रॅम प्रथिनं पोटात गेली नाहीत तर शरीर चरबी ठेवून स्नायू मोडीत काढतं. त्यांनी मला हलके डंबेल्स उचलायला लावले आणि आठवड्यातून एकदाच काट्यावर उभं राहायची परवानगी दिली. संपला उपाय.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण आमच्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत एक गृहस्थ आहेत. माझ्या तीन वर्षं आधी त्यांनी हीच शस्त्रक्रिया करून घेतली. ४० किलो उतरले, मग अडले, मग पाच किलो परत आले. घरचे म्हणाले, पैसे पाण्यात गेले. ऑफिसात म्हणाले, आम्हाला माहीतच होतं. गृहस्थ आधी लग्नकार्यांना जायचे थांबले, मग कँटीनमध्ये यायचे थांबले आणि शेवटी डॉक्टरांकडे जायचे थांबले. "वजन वाढवून कुठल्या तोंडाने जाऊ?" असं मला म्हणाले होते. डॉक्टर नाही म्हणून तपासण्या नाहीत, तपासण्या नाहीत म्हणून गोळ्याही सुटल्या. पण जठर लहान झालं की अन्नातलं बी-१२ नीट अंगी लागत नाही. त्या गोळ्या जन्मभराच्या असतात. वर्षभराने त्यांच्या पायातली चप्पल निसटली तरी त्यांना कळेना. आणि एके दिवशी काउंटरवर नोटा मोजता मोजता ते थांबले. बोटांना नोट लागत नव्हती. सव्वीस वर्षं कॅशवर काढलेला माणूस! इंजेक्शनं घेऊन बरेच सावरले. उजव्या पायाच्या बोटांत अजून मुंग्या येतात.

त्यांचं जे परत आलं होतं ते पाच किलो. स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांवर माणसांचा हिशोब ठेवला गेला, निम्म्यांवर शस्त्रक्रिया झालेल्या, निम्म्यांवर नाही. शस्त्रक्रिया वेगळ्या प्रकारच्या होत्या, पण काट्याचा प्रवास तोच: वर्ष-दोन वर्षांत वजन तळाला, मग सरासरीने थोडं वर, आणि आठ-दहा वर्षांनी एका पातळीवर मुक्काम. तरीही २००७च्या अहवालात शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा कमी निघालं. म्हणजे ते पाच किलो अपेक्षितच होते. पण हे त्या गृहस्थांना रस्त्यातल्या होर्डिंगने सांगितलं नव्हतं. होर्डिंगवर दोनच फोटो असतात, 'आधी' आणि 'नंतर'. 'त्याच्याही नंतर' हा तिसरा फोटो अजून कुणी लावलेला मी पाहिलेला नाही. लावा ना! पाच किलो परत आलेला, गोळ्या वेळेवर घेणारा, हसतमुख माणूस दिसला असता तर एका कॅशिअरची बोटं शाबूत राहिली असती.

आणि या अडण्याला इंग्रजीत म्हणतात काय, तर प्लॅटो. म्हणजे पठार! अहो, आपण निम्मा महाराष्ट्र पठारावरच तर राहतो. आपल्या पिढ्यान् पिढ्या दख्खनच्या पठारावर नांदल्या, त्यांना कुणी विचारलं नाही की उतार कधी लागणार म्हणून. कासच्या पठारावर फुलं बघायला तुम्ही पैसे भरून जाता आणि माझ्या पठारावर फुकट येऊन शेरे मारता!

आमच्या सौ.नी यावर परस्पर तोडगा काढला. रविवारची माझी पाच मिनिटं सोडली तर काटा त्या रद्दी मोजायला वापरतात. त्यातून असं निघालं, की रद्दीवाल्याच्या आणि आमच्या वजनात दर खेपेला किलो-दीड किलोचा फरक येतो. गेल्या महिन्यात त्यांनी त्याला दारातच धरलं. काकाही जिन्यात उभे होते. रद्दीवाला जरासुद्धा गडबडला नाही. "काय करू वहिनी," तो म्हणाला, "आपला काटा मधेच अडतो."

काकांनी मान डोलावली. म्हणाले, "होतं असं कधीकधी. त्याचा काय दोष?"