हिमबिबट्या मोजता येतो, मग हिममानव का नाही?

हिममानव ही दंतकथा नसून तो अजून जिवंत असलेला आदिमानव आहे, असे परवा एका व्याख्यात्यांनी भरसभेत ठोकून दिले आणि वर टाळ्याही घेतल्या. गृहस्थ हिमालयात बरेच हिंडलेले आहेत, तेव्हा श्रोते आधीच निम्मे जिंकलेले. युक्तिवाद थोडक्यात असा: शेर्पा लोक पिढ्यान्‌पिढ्या यतीबद्दल, म्हणजेच हिममानवाबद्दल, सांगत आले आहेत, १९५१ साली एरिक शिप्टन यांनी मेनलुंग हिमनदीवर त्याच्या पावलाचा फोटो काढला, चीनमध्ये जायगँटोपिथेकस या महाकाय वानराचे अवशेष मिळाले आहेत, आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी संपला असे मानलेला सीलकँथ मासा १९३८ मध्ये जिवंत सापडलाच की! चार खांब उभे केले, वर छप्पर टाकले, आत हिममानव राहायला आला. भाडेकरूला अजून कोणी पाहिलेले नाही, एवढीच काय ती अडचण.

माशाचे आधी उरकून घेऊ. तो सापडला दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, मासेमारी बोटीच्या जाळ्यात, खवल्यांसकट अख्खा. कोमोरो बेटांवरच्या कोळ्यांना तर तो आधीपासून ठाऊक होता. असलेला प्राणी कधी ना कधी हाती लागतो, एवढेच त्यातून सिद्ध होते. हे आमच्या बाजूचे उदाहरण आहे, त्यांच्या नव्हे.

जायगँटोपिथेकसचे चार अर्धेमुर्धे जबडे आणि सुमारे दोन हजार दात मिळाले आहेत. हातापायाचे एकही हाड नाही, त्यामुळे तो दोन पायांवर चालत होता असे छातीठोकपणे सांगणारे ते कशावरून सांगतात ते त्यांनाच ठाऊक. तो राहायचा दक्षिण चीनच्या जंगलात, बर्फात नव्हे. संपला दोन लाखांहून अधिक वर्षांपूर्वी. आणि दातातल्या प्रथिनांवरून तो ओरांगउटानचा भाऊबंद ठरला आहे. म्हणजे व्याख्यात्यांचा आदिमानव मुळात मानवाच्या शाखेतलाच नाही.

पावलांचे गणित तर मजेशीर आहे. २०१९ च्या एप्रिलमध्ये आपल्या लष्कराने मकालू शिखराच्या तळाजवळच्या, यतीचे म्हणून सांगितलेल्या ठशांचे फोटो प्रसिद्ध केले. ठसा ३२ इंच लांब आणि १५ इंच रुंद. माणसाची उंची त्याच्या पावलाच्या साधारण साडेसहा पट असते, म्हणजे हा गडी सतरा फुटांच्या वर गेला! उन्हाने बर्फ वितळले की ठसा पसरतो, आणि अस्वलाचा मागचा पाय पुढच्याच्या ठशावर पडला की दोन्ही मिळून एक लांब पाऊल दिसते, हे हिमालयात हिंडणाऱ्याला आम्ही सांगावे काय?

पण आमचा खरा आक्षेप वेगळा आहे, आणि त्याचे उत्तर आजवर कोणी दिलेले नाही. एकटा हिममानव टिकू शकत नाही. नर हवा, मादी हवी, पिल्ले हवीत. हजारो वर्षे वंश चालायचा तर काही शेकड्यांची वस्ती हवी. ही वस्ती रोज खाणार, रोज विष्ठा टाकणार, केस गाळणार, म्हातारी होणार आणि मरणार. आता त्याच डोंगरातला हिमबिबट्या घ्या. संख्या तुटपुंजी, रंग खडकासारखा, स्वभाव लाजराबुजरा, वावर पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला. लपण्याच्या कलेत त्याचा हात कोणी धरू शकणार नाही. तरीही भारतात १,९७१ ठिकाणी कॅमेरे बांधले, तेव्हा त्यांत २४१ वेगवेगळे हिमबिबटे टिपले गेले. वेगवेगळे हे कसे कळले? प्रत्येकाच्या अंगावरच्या ठिपक्यांची मांडणी निराळी असते. एकाच कुशीचे दोन फोटो शेजारी ठेवून ठिपका न्‌ ठिपका जुळवून पाहतात. त्यावरून देशात ७१८ हिमबिबटे असल्याचा अंदाज २०२४ च्या जानेवारीत जाहीर झाला, त्यातले ४७७ एकट्या लडाखमध्ये. त्याच कॅमेऱ्यांसमोरून भरल, कोल्हे, लांडगे, अस्वले, झालेच तर गुराख्यांची कुत्रीही जातात. हिममानव तेवढा नेमका कॅमेरा चुकवतो. त्याला कॅमेरा दिसतो, की कोणी आगाऊ कळवते?

आणि जे केस, दात, हाडे "यतीची" म्हणून मठांतून आणि संग्रहांतून जपली होती, त्यांतले नऊ नमुने २०१७ साली डीएनएसाठी तपासले. आठ अस्वलाचे निघाले, एक कुत्र्याचा. खुमजुंगच्या मठातली यतीच्या टाळूची म्हणून प्रसिद्ध असलेली कातडी एव्हरेस्टवीर हिलरी १९६० मध्ये तपासणीला घेऊन गेले, ती सेरो या शेळीसारख्या प्राण्याची ठरली.

"नाही, हे तरी कोणी सिद्ध केले आहे?" हा शेवटचा बाण. आमच्या ओळखीचा आहे तो. एके काळी नागमण्यावरून एका साप्ताहिकात आमची अशीच जुंपली होती. मणी दाखवा म्हटले, तर नाग तो माणसाला दिसू देत नाही, असे उत्तर आले. त्या गृहस्थांना अजून मणी मिळालेला नाही; भक्त मात्र भरपूर मिळाले.

जाता जाता व्याख्यात्यांनी अबखाझियाच्या झानाचेही नाव घेतले. एकोणिसाव्या शतकात त्खिना गावात ठेवलेली ही "रानटी" बाई म्हणजे जिवंत निअँडरथल, असे सोव्हिएत काळात काही अभ्यासक सांगत. २०२१ मध्ये डीएनएचा निकाल आला: आफ्रिकी वंशाची स्त्री. तुमच्याआमच्यासारखी माणूस. आदिमानव शोधण्याच्या हौसेपायी एका परक्या, असहाय बाईला जनावराच्या यादीत घातले गेले. इथे मात्र थट्टा थांबते.

मग हिमालयाच्या पलीकडे प्राचीन मानव नव्हताच का? होता. तिबेटच्या पठाराच्या कडेला, ३,२८० मीटर उंचीवरच्या बैशिया गुहेत १९८० मध्ये एका भिक्षूला जबडा मिळाला. तो निदान १ लाख ६० हजार वर्षांपूर्वीच्या, डेनिसोव्हा या आता नामशेष झालेल्या मानवगटाचा असल्याचे २०१९ मध्ये दातातल्या प्रथिनावरून ठरले. विरळ हवेत रक्त प्रमाणाबाहेर दाट होऊ न देणारे जनुकाचे एक रूप तिबेटी लोकांत आणि शेर्पांत आढळते, ते या डेनिसोव्हा मानवांकडून आल्याचे २०१४ मध्ये दाखवले गेले. व्याख्यात्यांनी ज्या शेर्पांना साक्षीला उभे केले, त्यांच्याच रक्तात आदिमानवाचा अंश आहे. व्याख्यात्यांनी आपले ओझे वाहणाऱ्याकडे नीट पाहिले असते तर शोध तिथेच लागला असता.

आणि यती म्हणून ज्याचे केस निघाले ते तपकिरी अस्वल अजून जिवंत आहे. आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला संरक्षण आहे. दरवर्षी महाराष्ट्रातून ट्रेकर मंडळी लडाखला जातात. द्रासकडे गेलात तर ते दिसू शकेल. दुरूनच पाहा, आणि आपला खाण्याचा कचरा तिथे टाकू नका. उकिरड्याची सवय लागलेले अस्वल वस्तीत शिरते आणि मार खाते.