रानपिंगळ्याच्या नावाने

शिरवण्याच्या शेतजमिनी आधी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांसाठी आणि 1970 नंतर सिडकोच्या नव्या शहरासाठी गेल्या. ‘सार्वजनिक हित’ या दोन शब्दांची किंमत भूमिपुत्रांनी जानेवारी 1984 मध्ये जासईच्या परिसरात पाच जणांच्या प्राणांनी मोजली. त्याच ठाणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, तानसाच्या जंगलात, आता तेच शब्द निसर्गप्रेमाचा वेष घेऊन अवतरत आहेत. या वेळी त्यांच्या खांद्यावर रानपिंगळा बसला आहे.

या लहानशा घुबडाची शास्त्रीय नोंद 1873 मध्ये अ‍ॅलन ह्यूम यांनी केली. काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे हेच ते ह्यूम. 1884 नंतर पक्षी दिसेनासा झाला. कर्नल माइनर्ट्झहागेन या साम्राज्याच्या शिलेदाराने संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्यावर गुजरातेतील 1914 ची खोटी चिठ्ठी चिकटविली, आणि शोध घेणारे भलत्याच जागी हिंडत राहिले. 1997 मध्ये शहाद्याजवळ व 2014 मध्ये तानसात तो आढळला. 2018 मध्ये कोपर्डे, मेहता, रामकृष्णन, रॉबिन आदी संशोधकांनी जनुके तपासून दाखविले की, तो गावातल्या साध्या पिंगळ्याच्याच कुळातला आहे.

जनुकशास्त्राचे खरे मोल याच्याही पुढचे आहे. जंगलाचे तुकडे पडले की पक्ष्यांची ये-जा थांबते, मोजक्या जोड्यांची संतती आपसांतच वाढते, जनुकांचे वैविध्य झडते आणि रोग वा दुष्काळ पेलण्याची शक्ती जाते. नुसत्या शिरगणतीत हा ऱ्हास दिसत नाही. दक्षिण सह्याद्रीतील शोला वनांच्या पक्ष्यांवरील 2015 च्या संशोधनात अलीकडच्या जंगलतोडीने पाडलेली फूट त्यांच्या रक्तातच वाचता आली.

परंतु हे शास्त्र हाती धरून ‘आदिवासींना जंगलाबाहेर काढा’ म्हणणारा एक सुशिक्षित वर्ग आहे. वारली-कातकऱ्यांची नाचणी-वरईची पट्टी त्याला खुपते. मुंबईची तहान भागविण्यासाठी एकोणिसाव्या शतकात बांधलेले तानसाचे धरण आणि शहापूर तालुक्यातून गेलेला सहापदरी समृद्धी महामार्ग मात्र त्याला दिसत नाही! खानदेशात शेतीसाठी झालेल्या तोडीनेही रानपिंगळ्याचा निवारा घटला, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण उकाई आणि सरदार सरोवरात ज्यांची गावे बुडाली, ती माणसे कोठे जाणार होती? शिवाय या पक्ष्याला घनदाट अरण्यापेक्षा विरळ सागवनच अधिक मानवते. माणूस हटविल्याने तो वाचेल, हे गृहीतक कोणत्या जनुकात सापडले?

तेव्हा तपासणी व्हावीच. तानसा, मेळघाट, सातपुडा येथील पक्ष्यांत देवाणघेवाण उरली आहे की नाही, हे पाहावे. मात्र ती पुढच्या महामार्गाच्या आखणीपूर्वी व्हावी, आणि तिचे निष्कर्ष मराठीत ग्रामसभांपुढे ठेवावेत. 2006 च्या वनहक्क कायद्याचे कलम 4(2) स्पष्ट आहे: सहजीवन अशक्य असल्याचे सिद्ध केल्याविना आणि ग्रामसभेच्या लेखी संमतीविना कोणाचाही हक्क हिरावता येत नाही. सिद्ध करण्याचा तो भार सरकारवर आहे, वारल्यांवर नव्हे.