मुळी कुणाची, मोबदला कुणाला?

सर्पगंधेची मुळी उच्च रक्तदाबावर गुणकारी ठरते, हे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने त्या मुळीतून रेसरपीन वेगळे काढले. औषध जगभर खपले. वकिलांना १९५७ साली लास्कर पुरस्कार मिळाला. पण रानात मुळी खणणाऱ्याला काय मिळाले?

२००२ च्या जैवविविधता कायद्याने लाभात वाटा मान्य केला. २०२३ च्या दुरुस्तीने मात्र ग्रंथबद्ध ज्ञान वापरणाऱ्यांना त्या वाटणीतून सूट दिली. म्हणजे ग्रंथात आले की रानातल्या माणसाचा हक्क संपला! ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षरबंदी होती, त्यांनी ग्रंथ लिहावा तरी कसा?

तरीही एक हत्यार हाती आहे. २००६ चा वनहक्क कायदा गौण वनोपजावर वननिवासींची मालकी मानतो. महाड नगरपालिकेने १९२४ सालीच चवदार तळे खुले केले होते. पण ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळ भरली, तेव्हा तो हक्क जिवंत झाला. महाड-पोलादपूरच्या कातकरी वाड्यांनो, ग्रामसभेत दावे दाखल करा. कार्यकर्त्यांनो, त्यांचे अर्ज लिहायला बसा!