काटा उतरला, पण नेमकं काय उतरलं?

गॅदरिंगची तारीख नोटीस बोर्डावर लागली की आपल्या मेसमध्ये एक गंमत सुरू होते. काल-परवापर्यंत तिसऱ्यांदा भात मागणारी मंडळी अचानक दोन चपात्यांवर येतात. कुणी रात्रीचं जेवण बंद करतो, कुणी दिवस काकडीवर काढतो, आणि संध्याकाळी पुन्हा दीड तास जिम! पोलीस भरतीची तयारी करणारे पहाटे पळून येतात आणि नुसत्या चहावर लेक्चरला बसतात. पंधरा दिवसांनी काट्यावर चार किलो कमी दिसले की सगळ्या विंगला बातमी कळते. अभिनंदन! पण मित्रांनो, एक प्रश्न विचारू का? जे चार किलो गेले, ते नेमके कशाचे गेले?

वजनकाटा खोटं बोलत नाही, पण पूर्ण माहितीही देत नाही. चरबी, स्नायू, पाणी या सगळ्यांची तो फक्त बेरीज सांगतो. लॅबमध्ये एका रीडिंगवर निष्कर्ष लिहिला तर सर जर्नल परत देतात. स्वतःच्या शरीराच्या बाबतीत मात्र आपण खुशाल एका आकड्यावर विश्वास ठेवतो.

हा विषय समजून घ्यायला आपल्याला लांब जायची गरज नाही. आपण राहतो त्या कसबा बावड्यात राजर्षी शाहू महाराजांचा जन्म झाला, आणि त्यांनीच १९१२ साली कोल्हापूरला खासबागेचं कुस्ती मैदान दिलं. इथल्या तालमीतला पैलवान जोर-बैठका मारतो तसाच दूध, तूप, बदामाची थंडाई यांचाही हिशेब ठेवतो. मेहनत आणि खुराक ही जोडी त्याला कुणी पुस्तकातून शिकवलेली नाही. राजाराम कॉलेजचे विद्यार्थी खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ५२ किलोच्या गटात लढले आणि सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला त्यांनी ब्राँझ पदक आणलं, ते ५७ किलोच्या, म्हणजे वरच्या गटात!

त्याच ५७ किलो गटात २०२४ साली पॅरिसला अमन सेहरावतने ब्राँझ मिळवलं. त्याच्या लढतीआधी दहा तासांत त्याचं वजन ४.६ किलोंनी उतरवल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. त्याच स्पर्धेत विनेश फोगट अंतिम फेरीत पोहोचूनही फक्त १०० ग्रॅम जास्त भरली आणि अपात्र ठरली. आता इंजिनिअर आहोत तर गणित करू. एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी असतात. ४.६ किलो म्हणजे ३५ हजारांच्याही वर. दिवसाला साडेतीन हजार खर्च करणारा पैलवान पूर्ण उपाशी राहिला तरी एवढी चरबी जाळायला दहा दिवस लागतील. मग दहा तासांत काय गेलं? मुख्यतः पाणी! ते डॉक्टर आणि प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली, एका वजनापुरतं काढायचं असतं आणि लगेच भरून द्यायचं असतं. १९९७ साली अमेरिकेत असंच पाणी काढण्याच्या नादात महिनाभरात तीन कॉलेजकुमार कुस्तीगीर दगावले. आपल्याच वयाचे! तेव्हा रेनकोट घालून पळणाऱ्यांनी जरा सावध व्हावं.

बरं, पाणी नाही, नुसती उपासमार केली तर? ‘आत येणारी ऊर्जा कमी, बाहेर जाणारी तेवढीच, म्हणजे चरबी जळणारच’ असं थर्मोडायनॅमिक्स शिकलेला कुणीही म्हणेल. नियम बरोबर आहे, पण बाहेर जाणारी ऊर्जा स्थिर नसते ना! अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं आणि दर आठवड्याला ३५ किलोमीटर चालवलं. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्श्याने घटलं, पण विश्रांतीतला ऊर्जाखर्च जवळजवळ ४० टक्क्यांनी खाली आला. अंगात थंडी भरायची, कशात लक्ष लागायचं नाही, डोक्यात सतत जेवणाचेच विचार. शरीर हे काटकसरी घर आहे. पगार अर्धा झाला की ते आधी खर्च आवरतं. आणि घरातलं सामान विकायची वेळ आली की चरबीबरोबर स्नायूही काढतं. तेच स्नायू, ज्यांच्यासाठी आपण जिमची फी भरतो.

इथे प्रोटीनचं काम येतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा २०१६ चा एक प्रयोग बघा. ४० तरुणांना चार आठवडे गरजेपेक्षा ४० टक्के कमी कॅलरी दिल्या आणि भरपूर व्यायाम करायला लावला. एका गटाला शरीराच्या दर किलोमागे रोज १.२ ग्रॅम प्रोटीन, दुसऱ्याला २.४ ग्रॅम. पहिल्या गटाची चरबी ३.५ किलो घटली आणि स्नायूंचं वजन जवळपास तेवढंच राहिलं. दुसऱ्या गटाची चरबी ४.८ किलो घटली, वर चरबीविरहित वजन १.२ किलोंनी वाढलं! शिवाय प्रोटीनने पोट लवकर भरतं, आणि त्यातल्या १०० कॅलरींपैकी २० ते ३० ते पचवण्यातच खर्च होतात. प्रोटीन खाल्लं म्हणजे चयापचय मंदावणारच नाही असं मात्र नाही. वजन उतरलं की खर्च थोडा उतरतोच. पण स्नायू टिकतात, ताकद टिकते.

आता आपलं ताट मोजू. चार चपात्यांचं १२ ग्रॅम, वाटीभर भाताचं ४, आमटीचं ५, भाजीचं २. दोन वेळचं ४६ झालं. पोह्यांचे चार-पाच धरले तर दिवसाचे साधारण ५० ग्रॅम. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सर्वसामान्य माणसासाठी दर किलोला ०.८३ ग्रॅम सांगितलंय, म्हणजे ७० किलोच्या मुलाला ५८. पूर्ण जेवूनही आपण कमीच पडतो! त्यात डाएट म्हणून ताट अर्धं केलं की २५ वर येतो. आणि व्यायाम करत वजन उतरवणाऱ्याला हवं किती? दर किलोला किमान १.६, म्हणजे ११२ ग्रॅम. जेव्हा दुप्पट हवं तेव्हा आपण निम्मं करतो. माझा सगळा आक्षेप एवढाच आहे.

लगेच कुणी म्हणेल, ‘मग पावडरचा डबा घ्यायचा का?’ पावडर म्हणजे विष नाही आणि जादूही नाही, दुधातलंच प्रोटीन वाळवलेलं. पण आधी स्वस्तातलं बघा. चार अंड्यांत २४ ग्रॅम. ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत २६. पाव लिटर दुधात ८ ते ९, आणि दुधाला कोल्हापुरात तोटा नाही. शाकाहारी मंडळींना मोड आलेली मटकी, दही, पनीर, भाजके फुटाणे आहेतच. शेंगदाणे मात्र मूठभरच, कारण त्यात तेल भरपूर. आणि हो, रविवारी चार वाट्या तांबडा-पांढरा ओरपला म्हणजे प्रोटीन झालं असं समजू नका. प्रोटीन रश्श्यात नाही, मटणाच्या तुकड्यात आहे! ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवू नये.

मुलींच्या होस्टेलमध्येही चित्र वेगळं नाही. तिथे तर जेवण चुकवणं हाच डाएट समजला जातो. फार कमी खाऊन फार व्यायाम केला तर पाळी अनियमित होते, हाडं कमजोर होतात. तो काही फिटनेस नव्हे.

म्हणून एक मागणी. रेक्टर सर आणि मेस कमिटीने यावर विचार करावा. रोज वेगळी मिठाई नको, महिन्याची फीस्ट एखादी कमी झाली तरी चालेल. पण नाश्त्याला दोन उकडलेली अंडी किंवा वाटीभर उसळ, आणि रात्री चमचा उभा राहील अशी डाळ, एवढं मिळावं. लागेल तो जादा खर्च बिलात लावा, पण ज्याला हवं त्याला ते मेसमध्येच मिळू दे. बाहेरच्या गाड्यावर जाणारे पैसे तरी वाचतील.

आणि वजन उतरवणाऱ्यांनो, गॅदरिंगच्या पंधरा दिवस आधी जागे होऊ नका, तीन महिने आधी सुरू करा. भात, तेल, साखर यांतून रोजच्या चारशे-पाचशे कॅलरी कमी करा, आठवड्याला अर्धा किलो उतरला तरी भरपूर. वजनं उचला, झोप पुरी घ्या. ताटातलं काहीतरी कमी करायचंच आहे, तर भाताची मूद लहान करा. डाळीची वाटी मात्र पुन्हा पुढे करा!